पेपर कुठे आला?

१९३१ साली संयुक्त प्रांतातल्या एका विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत गणितावरचे एक छोटे टिपण छापून आले. बुर्बाकी नावाच्या कुणा रशियन गणितज्ञाच्या 'दुसऱ्या सिद्धांता'चा विस्तार, असा त्याचा विषय. लेखक होते दामोदर धर्मानंद कोसंबी, वय पंचविशीच्या आत. गंमत अशी की असा रशियन गणितज्ञ कधी जन्मलाच नव्हता. एका सहकाऱ्याने कोसंबींना जेरीस आणले होते. त्याची जिरवायला ही युक्ती सुचवली आंद्रे वेल यांनी, आणि कोसंबींनी ती साळसूदपणे तडीस नेली. हे फ्रेंच गणितज्ञ तेव्हा अलीगढला शिकवत. पुढे फ्रान्समधल्या तरुण गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव घेऊन ग्रंथांची रास लिहिली, ती कथा निराळी. टिपण छापायला घेताना 'हा बुर्बाकी कोण बुवा?' असे कुणी विचारले नाही, एवढाच भाग इथे कामाचा.

हा किस्सा मध्यंतरी आठवला तो भाचीमुळे. ती वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करते. जेवणाच्या ताटावरच तिने मोबाइल पुढे केला. ईमेलची सुरुवात 'डिअर एमिनंट प्रोफेसर' अशी. ती प्रोफेसर नाही आणि एमिनंट तर नाहीच. तेव्हा फेलोशिप संपत आलेली संशोधक विद्यार्थिनी होती. पुढचा मजकूर वाचताना मला लग्नाच्या हॉलचे दरपत्रक आठवले. पेपर पाठवल्यापासून ४८ तासांत स्वीकृती, ई-सर्टिफिकेट मोफत, छापील प्रत हवी असल्यास पोस्टेज वेगळे, एकूण दीड हजार रुपये, खाली व्हॉट्सॲप नंबर आणि क्यूआर कोड. जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' होतेच. विषयांच्या यादीत इंजिनिअरिंग, आयुर्वेद, वाणिज्य, गृहविज्ञान आणि मराठी साहित्य शेजारीशेजारी बसले होते.

"मामा, माझ्या बॅचच्या दोघांनी इथेच दिलाय. आयएसएसएन नंबर आहे म्हणतात."

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवायला असतो. गाडीला नंबरप्लेट असते तसाच. नंबरप्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी चालवता येते, असे कुणी समजत नाही. पण आपल्याकडच्या कॉलेजांच्या फायलींमध्ये या क्रमांकाला आयएसआयच्या शिक्क्याचे मोल आले आहे. त्यावर एक अख्खी व्यवस्था उभी आहे. कॉलेजात एकदिवसीय 'राष्ट्रीय चर्चासत्र' ठेवायचे, नोंदणी शुल्कात चहा, जेवण, पिशवी आणि सर्टिफिकेट द्यायचे, आणि आलेले सगळे शोधनिबंध एखाद्या जर्नलच्या 'विशेषांकात' एकगठ्ठा छापून आणायचे. दुपारच्या सत्रात पेपर वाचायला तीन मिनिटे मिळतात. ऐकायला पुढच्या नंबरचा वक्ता असतो, तोही आपल्या पेनड्राइव्हच्या काळजीत.

खऱ्या जर्नलमध्ये मधे एक चाळणी असते. संपादक पेपर त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. त्यांची नावे बहुधा लेखकाला कळत नाहीत. ते चुका काढतात, जादा प्रयोग करायला लावतात, कधी सरळ 'छापू नका' म्हणतात. या पिअर रिव्ह्यूचा त्यांना छदामही मिळत नाही. बनावट जर्नल ही चाळणीच काढून टाकते आणि फक्त पावती फाडते.

चाळणी आहे की नाही, हे अमेरिकेतल्या 'सायन्स' साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ साली तपासून पाहिले. त्याने एक खोटा पेपर रचला. अमुक लायकेनमधून काढलेला तमुक रेणू कर्करोगाच्या पेशी वाढू देत नाही, असा त्यातला दावा. (लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल ज्या कुळातले, ते.) त्या पेपरात दहावीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकालाही दिसाव्यात अशा ढोबळ चुका मुद्दाम पेरलेल्या होत्या. लेखकांची आणि संस्थांची नावेही बनावट. अशा ३०४ आवृत्त्या त्याने तितक्याच जर्नलांना पाठवल्या. १५७ ठिकाणी दगडफुलाचा हा काढा पसंत पडला, ९८ ठिकाणी नाकारला गेला. ज्या प्रकाशकांना त्याने जाळ्यात ओढले, त्यांचा सर्वांत मोठा मुक्काम भारतात निघाला. हैदराबादच्या 'ओमिक्स' या प्रकाशन समूहावर तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फसवणुकीचा दावा लावला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला.

असा धंदा वाढतो, तो गिऱ्हाईक असल्याशिवाय नाही. गिऱ्हाईक आणले आपल्या नियमांनी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा, अशी अट आली. पुढच्याच वर्षी शिक्षकांच्या बढतीला गुणांकन लागले, त्यातही पेपरला गुण. हेतू वाईट नव्हता. कपाटात पडून राहणाऱ्या प्रबंधांतले निदान काही बाहेरच्या चार लोकांनी तपासावे, हे योग्यच. पण ज्या जिल्ह्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेला धड वीज नाही, तिथल्या मराठीच्या, वाणिज्यच्या, गृहविज्ञानाच्या हजारो उमेदवारांनी दर्जेदार जर्नल आणायचे कुठून? नियमाने मागणी तयार केली, पुरवठा व्हॉट्सॲपवर आला.

मग आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, २०१७ साली, तीस हजारांहून अधिक नावांची. तिच्यातली काही नावे विद्यापीठांनी सुचवलेली होती. पुण्यात भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विद्यापीठ-शिफारशीच्या भागातला नमुना घेऊन जर्नले एकेक उघडून पाहिली. पत्ता खरा आहे का, संपादक मंडळातली माणसे आहेत का, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा छापलाय तो कुणी दिला, असे साधे प्रश्न. कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष त्यांनी २०१८च्या 'करंट सायन्स'मध्ये मांडला. म्हणजे चोरबाजाराला नगरपालिकेनेच गाळे दिले होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. पुढे 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली आणि तिची राखण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे गेली. दुकानदारांनी त्यावरही तोड काढली: यादीतल्या खऱ्या जर्नलाच्या नावाची हुबेहूब नकली वेबसाइट. ठाणे जिल्ह्यातला असो की नांदेडचा, घाईत असलेला विद्यार्थी पैसे भरून मोकळा होतो आणि मुलाखतीच्या दिवशी कळते की आपला पेपर त्या जर्नलाच्या तोतयाकडे छापलाय.

नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीने पीएच.डी.साठीची पेपरची सक्ती काढून टाकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली; आता जर्नल कसे निवडावे याचे निकष देऊन निर्णय संस्थांवर सोपवला आहे. नियम गेला, सवय मात्र जात नाही. गाईड अजून विचारतात, "पेपर कुठे आला?" निवड समितीही हेच विचारते. काय आला, हे विचारायला पेपर वाचावा लागतो.

'कुठे' या शब्दाला एवढे वजन आले कसे? १६६५ साली लंडनला हेन्री ओल्डेनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा पेपर म्हणजे बव्हंशी पत्रच होते: मी असे असे पाहिले, तुम्हीही पाहा. हा पत्राचा स्वभाव पार विसाव्या शतकापर्यंत टिकला. १९२४ साली ढाका विद्यापीठातल्या तिशीच्या सत्येंद्रनाथ बोस यांचा पेपर इंग्लंडच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'कडून छापून येईना. त्यांनी तो उचलून थेट आइन्स्टाईनला पाठवला, आणि पटला तर जर्मनीत छापण्याची व्यवस्था करा, अशी विनंती केली. आइन्स्टाईनने स्वतः भाषांतर करून तो 'त्साइटश्रिफ्ट फ्युर फिजिक'मध्ये छापून आणला. त्याच्या एका पोस्टकार्डावर विद्यापीठाने बोस यांना दोन वर्षांची युरोपची रजा दिली. बोस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, तरी पुढे ते प्राध्यापक झाले. आज असे पोस्टकार्ड घेऊन कुणी निवड समितीपुढे बसला, तर कारकून म्हणेल, याचा डीओआय नंबर काय?

चाळणीचे तेव्हा इतके माहात्म्य नव्हते. खुद्द आइन्स्टाईन १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू'वर उखडला, कारण नेथन रोझेनबरोबर लिहिलेला त्याचा पेपर संपादकाने परस्पर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवला. आम्ही छापायला दिला होता, तपासायला नाही, अशा भावात त्याने पेपर परत घेतला. गुरुत्वीय लहरी नसतातच, असे त्या पेपरात होते. तपासणारा होता हॉवर्ड रॉबर्टसन, आणि त्याने काढलेली चूक बरोबर होती. दुसरीकडे छापण्याआधी निष्कर्ष बदलावा लागला. मला हा प्रसंग फार आवडतो. चाळणीच्या बाजूने याहून चांगली साक्ष कुठली आणणार? 'नेचर'नेसुद्धा ती सर्वांना सक्तीची केली ती १९७३ साली.

आकड्यांचे वेड मात्र वेगळ्या दाराने आले. फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड यांनी कोणता पेपर कुणी उद्धृत केला याची सूची बनवली. सूचीत कोणती जर्नले घ्यावीत हे ठरवायला एक सोपे गणित लागले: मागच्या दोन वर्षांत जर्नलाने छापलेल्या पेपरांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले. हाच इम्पॅक्ट फॅक्टर. हा आकडा जर्नलाचा आहे. एखाद्या अंकातले दोन-चार पेपर भरपूर उल्लेख खेचतात, बाकीचे त्यांच्या पुण्याईवर जगतात. चाळीतल्या एका मुलाला बोर्डात नंबर आला म्हणून सगळ्या चाळीला ९५ टक्के लावावेत, तसे हे. तरी जगभर नेमणुका याच आकड्यावर होऊ लागल्या. हे थांबवा, असे सांगणारा जाहीरनामा सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी काढला. हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सह्या करणे सोपे असते.

पैशाची बाजू तर अजबच आहे. संशोधनाला पैसा सरकारचा, लिहिणारा मानधन घेत नाही, तपासणारा फुकट तपासतो, आणि छापलेला अंक ग्रंथालयाने विकत घ्यायचा. यातली सोन्याची खाण रॉबर्ट मॅक्सवेलने दुसऱ्या महायुद्धानंतर ओळखली. त्याच्या 'पर्गमॉन प्रेस'ने जर्नलांचा कारखाना काढला. १९९१ साली 'एल्सेव्हिअर'ने तो ४४ कोटी पौंडांना घेतला. वाचकाकडून पैसे घेऊ नका, ज्ञान खुले ठेवा, अशी ओरड झाल्यावर प्रकाशकांनी तोच खर्च लेखकाच्या अंगावर टाकला. २०२१ साली 'नेचर'मध्ये पेपर सर्वांना खुला ठेवायचा दर होता ९,५०० युरो. आपल्याकडे ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, तेही मुंबई-दिल्लीत मोर्चे काढून वाढवून घेतलेले. म्हणजे एका पेपराला दोन वर्षांची फेलोशिप. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये मंजूर केले, त्यातून सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे १३,००० जर्नले वाचायला मिळू लागली. तालुक्याच्या कॉलेजला हे वरदानच आहे. वाचण्याचा प्रश्न बराचसा सुटला. छापण्याचा तिथेच आहे.

आणि हे सगळे फक्त आपल्या गल्लीतले नाही, याची खूण म्हणून एक आकडा: २०२३ साली जगभरात दहा हजारांहून अधिक पेपर मागे घेण्यात आले. त्यांतले आठ हजारांवर एकट्या 'हिंदावी' या प्रकाशनाचे, जे दोनच वर्षांपूर्वी 'वायली'सारख्या मातब्बर कंपनीने विकत घेतले होते. हे पेपर बरेचदा ठोक भावात तयार होतात. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला शब्द मशीनने बदललेले असतात. 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल' झालेले पेपर कॉम्प्युटरतज्ज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले आहेत. हसू येते, मग लक्षात येते की कुणीतरी ते तपासून 'ठीक आहे' म्हटले होते.

भाचीची अडचण याहून साधी आहे, आणि मला वाटते जास्त जिव्हारी लागणारी. नाचणीच्या मुळांशी विशिष्ट जिवाणू सोडले तर दाणा वाढतो, असे एका जुन्या पेपरात होते. तिने ते तीन खरीप करून पाहिले. कुंड्या, मग वाफे, मग शेतकऱ्याच्या बांधावरचे तुकडे. कणसे मोजली, दाण्यांचे वजन केले, एकदा रानडुकरांनी वाफा उधळला तेव्हा पुन्हा पेरले. उत्तर आले: काही फरक पडत नाही. पहिल्या जर्नलाने चार दिवसांत परत पाठवला, 'पुरेसे नावीन्य नाही' म्हणून. दुसऱ्याकडे पाच महिने स्क्रीनवर 'अंडर रिव्ह्यू' दिसत होते. पहिल्या परीक्षकाला काम आवडले. दुसऱ्याने विचारले, फरकच नाही तर छापायचे कशाला? प्रत्येक वेळी संदर्भांची मांडणी नव्या जर्नलाच्या पद्धतीने बदलायची, आकृत्या पुन्हा काढायच्या, गाईडच्या सवडीची वाट पाहायची. फेलोशिपचे मीटर चालूच.

न लागलेल्या प्रयोगांचे हे दुखणे जुने आहे. रॉबर्ट रोझेनथाल या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये त्याला नाव दिले ते फायलींच्या खणावरून: लागलेले प्रयोग जर्नलात, न लागलेले खणात. समजा वीस प्रयोगशाळांनी तेच जिवाणू नाचणीला घातले आणि एकीच्या हाती योगायोगाने फरक लागला, तर छापून येणार ती एकच. बाकीच्या एकोणीस मुली एकमेकींना न विचारता तीच तीन वर्षे घालवणार. आणि ज्याला नोकरी हवी, त्याला आकडे जरा दाबून-ओढून फरक 'दाखवायचा' मोह होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

एवढे सगळे करून पेपर चांगल्या ठिकाणी आला, तरी पुढचे काही नक्की नसते. डग्लस प्रॅशरची गोष्ट मी संशोधनात जाऊ पाहणाऱ्या मुलांना आवर्जून सांगतो. त्यांच्या आईवडिलांना ती आवडत नाही. अमेरिकेच्या वुड्स होल सागरी संस्थेत हा माणूस एका जेलिफिशच्या मागे लागला होता. तिच्यातल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्याने वेगळे काढले आणि १९९२ साली 'जीन' या जर्नलात प्रसिद्ध केले. हे जनुक दुसऱ्या जिवाच्या पेशीत घातले तर पेशीतले प्रथिन कुठे जाते ते दिव्यासारखे दिसेल, हे त्याला कळत होते. पण पुढच्या कामाला अनुदान मिळाले नाही. इथे आपण कायम होणार नाही, हेही दिसू लागले. त्याने काय करावे? मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन या दोघांनी जनुक मागितले होते, त्यांना त्याने ते पाकिटात घालून पाठवले आणि संशोधनाच्या या वाटेवरून बाजूला झाला. चाल्फींनी १९९४ च्या पेपरात त्याचे नाव घातले, लपवाछपवी काही नाही. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या हिरव्या प्रथिनाला मिळाले: शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन. नोबेल तिघांपेक्षा जास्त जणांत वाटता येत नाही. त्या दिवशी प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये एका टोयोटा शोरूमची गाडी चालवत होता, गिऱ्हाइकांना घरी सोडायला, ताशी साडेआठ डॉलरवर. चाल्फी आणि त्सिएन यांनी त्याला आपल्या खर्चाने स्टॉकहोमच्या समारंभाला नेले. काही वर्षांनी तो त्सिएनच्या प्रयोगशाळेत कामाला लागला.

पेनसिल्व्हेनियात कॅतलिन कारिको यांना १९९५ साली खालच्या पदावर उतरवले होते, कारण त्यांच्या आरएनएच्या कामाला अनुदान येत नव्हते. त्यांना २०२३ साली नोबेल मिळाले, तेव्हा बऱ्याच लेखांचा सूर 'चिकाटीला फळ' असा होता. मला तो सूर खटकतो. फळ न मिळालेल्या चिकाटीवाल्यांची मोजदाद कोण करतो?

आपल्याकडे शोरूमच्या गाडीच्या जागी तासिका तत्त्व असते. नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले लोक कॉलेजात 'सीएचबी'वर तास घेतात. पैसे तासाचे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, आणि प्रयोगशाळेची किल्ली कायम माणसाकडे.

फेलोशिप संपल्यावर भाचीही गेल्या महिन्यात अशाच मुलाखतीला गेली. नाचणीचा पेपर तेव्हा तिसऱ्या जर्नलाकडे 'विथ एडिटर' होता. ती ४८ तासांची ईमेल तिने उडवली नव्हती, ठेवली होती. मी विचारले नाही का ते. अर्जात रकाने होते: जर्नलाचे नाव, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर, लेखक क्रमांक, वर्ष. तिने सगळ्यांत आडवी रेघ मारली. शेवटी 'शेरा' म्हणून बोटभर जागा होती. त्यात बारीक अक्षरांत लिहिले: 'या जिवाणूंनी नाचणीत फरक पडत नाही. तीन हंगाम.'

अर्ज तपासणारा कारकून चष्मा वर करून म्हणाला, "मॅडम, हे काय लिहिलंय?"

"तेच सापडलंय," ती म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "आमच्या गावाकडं ते पावडर विकायला येतात दरवर्षी. घेऊ नको म्हणू का म्हाताऱ्याला?"